विजयदुर्गच्या धक्क्यावरच्या माणसांचे आभार

आमच्या शिडाच्या बोटीवर या डिसेंबरात आई-बाबा, आत्या आणि भाचरं राहून गेली. वाघोटण खाडीत वारा अडतो, नांगर पक्का बसतो, म्हणून मुक्काम विजयदुर्गला ठेवला होता. तरी सत्तरी ओलांडलेल्या माणसांची बोटीवर चढ-उतर करायची म्हणजे जिवाला घोर. तो तुम्ही उतरवलात.

पहिल्या संध्याकाळी ओहोटी लागलेली, होडी धक्क्यापासून चांगली हातभर खाली. जाळी आवरत बसलेले एक काका न बोलावता गुडघाभर पाण्यात उतरले, दोन्ही हातांनी होडीचा काठ धरला आणि आईला म्हणाले, "आजी, घाय नको. लाट जाव दे." लाट गेली, आईने पाऊल टाकलं. नाव विचारलं तर हसले फक्त. पुढे रोज आमची वेळ साधून कुणी ना कुणी तिथे उभं असायचं!

पिण्याचे कॅन भरून देणाऱ्या मावशी, तुम्ही वर उकड्या तांदळाची पेजही पाठवलीत. आत्याला गिर्याच्या रामेश्वराचं दर्शन घडवून आणणारे रिक्षावाले दादा, आणि पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघताना जाळ्यांचे बोये चुकवत आम्हाला खाडीबाहेर काढून देणारे तांडेल, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा फोनवर अजून तुमचीच चौकशी करतात.

पावसाळ्याआधी पुन्हा येतोय. बोट दिसली की हाक मारा, चहाला वर या.