दप्तरातील साखरेची पुडी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप वन मधुमेहाचे निदान होऊन दीड वर्ष झाले. या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते आणि गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही, हे मी सांगत असतो. तरी ‘केळीच्या गावची पोर, केळीच बाधली असणार’ म्हणणारे भेटतातच.

घर हळूहळू सावरले. बट्ट्या मोजून वाढणे आणि त्यानुसार इन्सुलिनचे युनिट ठरवणे आता आजीलाही जमते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, वीज गेली की फ्रिजचा भरवसा राहत नाही, तेव्हा इन्सुलिनची कुपी हवाबंद डबीत घालून ओल्या वाळूवरच्या मडक्यात ठेवतो.

खरी अडचण शाळेत येते. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की तिचे हात थरथरतात, घाम फुटतो. तेव्हा तीन चमचे साखर तत्काळ देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते. गेल्या महिन्यात तास चालू असताना तिने साखरेची पुडी काढली, तर शिस्तीच्या नावाखाली ती काढून घेण्यात आली. (बाईंचा हेतू वाईट नव्हता, मीच त्यांना पुरेसे सांगितले नव्हते.) सीबीएसई हे केंद्रीय शिक्षण मंडळ बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या व फळे सोबत नेऊ देते. प्रत्येक शाळेत किमान दोन शिक्षकांना ही लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण मिळावे, अशी शिक्षण विभागाला विनंती आहे.

आपला,
एक पालक, ता. यावल, जि. जळगाव