'तुरळक ठिकाणी' म्हणजे नक्की कुणाच्या शेडवर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी तुमच्या अंकातल्या हवामानाच्या चौकटीत एक ओळ होती : 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता.' आमच्या गावात थेंबही पडला नाही. बेदाण्याच्या शेडवरच्या बायका दिवसभर चेष्टा करत होत्या, की पेपरात पाऊस आलाय म्हणजे आज ऊन नक्की. संध्याकाळी नणंदेचा फोन आला. सात-आठ किलोमीटरवरच्या तिच्या गावात वीस मिनिटं असा सडाका आला की पडदे सोडेपर्यंत कडेच्या रॅकवरचा माल भिजला. तीच ओळ तिनंही सकाळी वाचली होती आणि पान उलटलं होतं.

अंदाज चुकला, असं मी म्हणणार नाही. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. आणि 'मध्य महाराष्ट्र' हा विभाग पार नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूरपर्यंत पसरलेला. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारं महाबळेश्वर त्यातच आणि पावसाळ्यातही ढगाकडे डोळे लावून बसणारा आमच्या जिल्ह्यातला जत तालुकाही त्यातच. म्हणजे आमचं कोरडं गाव आणि नणंदेचं भिजलेलं गाव, दोन्ही त्या एका ओळीत मावतात. 'हलका' या शब्दाचंही तसंच. खात्याच्या हिशेबात २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस. पावसाळ्यात एवढा पाऊस कुणी मोजतही नाही. पण फाल्गुनात शेडवर पंधरा मिलिमीटर पडला तर त्याला हलका म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

त्याहून अवघड गोष्ट अशी, की आम्हाला भिजवायला पाऊसच लागतो असं नाही. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवलेली द्राक्षं जाळीच्या रॅकवर पसरली की पंधरा-वीस दिवस हवा कोरडी आणि वाहती हवी. ती मिळाली तर हिरवट-पिवळा माल उतरतो. मधेच दोन दिवस नुसतं आभाळ भरून राहिलं, वारा पडला, हवेत ओल आली, की सुकवण लांबते, मणी एकमेकांना चिकटतात, रंग काळपट पडतो. चार किलो द्राक्षांमागं जेमतेम किलोभर बेदाणा निघतो आणि सौद्यात त्याचा दर रंग बघून ठरतो. तुमच्या चौकटीत मात्र अशा दिवशी 'ढगाळ हवामान, पावसाची शक्यता नाही' असं येतं. शहरातल्या वाचकाला ती आनंदाची बातमी असेल. आम्हाला ती वाचून धस्स होतं, आणि नेमकं किती धस्स व्हायचं ते कळत नाही, कारण आर्द्रतेचा आकडा चौकटीत कुठंच नसतो. तेवढा एक आकडा दिलात तर निम्मं काम होईल.

घरात दुसरी आघाडी सासूबाईंची. त्यांची शिजवलेली हळद अंगणात वाळत असते आणि रोज दिवस मावळायच्या आत ताडपत्री पडलीच पाहिजे असा त्यांचा दंडक, कारण रात्रीच्या दवानंही माल खराब होतो. त्यांना मी रोज अंदाज वाचून दाखवते. परवा 'विदर्भापासून कर्नाटकमार्गे केरळपर्यंत द्रोणीय स्थिती' असं वाचलं, तर म्हणाल्या, "द्रोण म्हणजे पत्रावळीबरोबर असतो तो?" मी हसले खरी, पण मग वाटलं, त्यांनी अगदीच चुकीचं विचारलं नाही. हवेच्या कमी दाबाचा लांबट खोलगट पट्टाच तो. उत्तरेकडचे कोरडे वारे आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारे त्या पट्ट्यावर एकमेकांना भिडतात, दुपारच्या उन्हानं तापलेली हवा वर चढते, आणि सकाळी लख्ख असलेलं आभाळ तीन-चार वाजता काळं होतं. म्हणून या दिवसांतला पाऊस बहुतेक दुपारनंतरचा. हे असं दोन ओळींत छापलंत तर सासूबाई ताडपत्री दुपारीच हाताशी काढून ठेवतील. 'द्रोणीय स्थिती' वाचून त्या काय करणार?

तापमानाचंही सांगते. 'पारा चढला' अशी बातमी ठळक येते, सोबत पुणे-मुंबई-नागपूरचे आकडे. बागेला कमाल आकड्याइतकीच पहाटेच्या आणि दुपारच्या आकड्यातल्या फरकाची काळजी असते. पहाटे अजून स्वेटर लागतो आणि दुपारी अंगाची लाही होते, अशा दिवसांत पांढऱ्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडतात. बागेत त्याला सरळ 'पिंक बेरी' म्हणतात आणि असा माल निर्यातवाले घेत नाहीत. त्यावर उपाय म्हणून घडांना कागद गुंडाळतात, आणि तो कागद बहुतेक वेळा वर्तमानपत्राची रद्दी असते. तेव्हा तुमचा अंक आमच्या बागेत हमखास कामाला येतो. अजून महिनाभर आधी, म्हणजे छापून आला त्याच दिवशी, कामाला आला तर जास्त बरं.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून राज्यभर गारपीट झाली, तेव्हा पानंच्या पानं भरून फोटो आले. यायलाच हवेत. पण दरवर्षी गारा पडत नाहीत. दरवर्षी होतं ते असं बारीकसारीक : इथं सडाका, तिथं दोन दिवस आभाळ, कुणाचा काढलेला शाळू भिजून काळा पडला, कुणाच्या कडब्याला बुरशी आली. त्याची बातमी होत नाही आणि भरपाईसाठी किमान ३३ टक्के पीक-नुकसानीची अट असल्यानं पंचनाम्यातही ते बसत नाही.

जून ते सप्टेंबर तुम्ही कोयनेत किती टीएमसी पाणी, कुठल्या तालुक्यात किती मिलिमीटर, सगळं रोज छापता. पावसाळा संपला की ते कोष्टक गायब. ते फेब्रुवारी-मार्चमध्येही चालू ठेवा ना. महसूल मंडळांत हवामान केंद्रं आहेत, फळपीक विम्याचा हिशेब त्यांच्यावर चालतो. काल आमच्या मंडळात किती पडला, आर्द्रता किती होती, हे दुसऱ्या दिवशी छापून आलं तर अंदाज आणि पाऊस शेजारी शेजारी ठेवून बघता येईल. शेडवरच्या बायकांची चेष्टा खरी की खोटी तेही ठरेल. 'यलो अलर्ट' असं नुसतं न लिहिता पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, एवढं तरी कंसात घाला. आमच्याकडे पिवळ्यालाच काहीजण घाबरतात आणि नारंगीलाही काहीजण जुमानत नाहीत.

जागेची अडचण असेल, ते समजू शकते. पुण्याचं तापमान एखाद दिवस गाळलंत तरी आमची काही तक्रार नाही.

आपली,
एक वाचक
ता. तासगाव, जि. सांगली