तुलना वेगाची नव्हे, रस्त्याची

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अभिजात मोटारींची तुलना करणारे लेख मी आवडीने वाचतो; मात्र अश्वशक्ती आणि कमाल वेग यांचे आकडे शेजारीशेजारी मांडले की तुलना झाली असे बहुतेक लेखांत गृहीत धरले जाते, हे मला मनापासून खटकते. १९०८ ची फोर्ड मॉडेल टी आणि १९५५ ची फ्रेंच सिट्रोएन डीएस यांना या मापाने तोलले, तर २० अश्वशक्तीची फोर्ड पहिल्याच ओळीत हरते आणि वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. वास्तविक या दोन्ही गाड्या घडवणाऱ्यांपुढे एक अडचण समान होती, ती म्हणजे खराब रस्ता.

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील रस्ते त्या काळी चिखलाचे आणि घोडागाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांचे होते. म्हणून फोर्ड जमिनीपासून उंच ठेवली गेली, तिला पुढे एक व मागे एक असे धक्के झेलणारे आडवे पोलादी कमानपाटे बसवले गेले आणि सांगाडा थोडा पिळला जाईल इतका लवचीक राखला गेला. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असले, तरी गाडी निमूटपणे पुढे सरके. इंजिनाकडे इंधन ढकलणारा पंप नसून पेट्रोल केवळ उताराने येत असल्याने टाकी अर्धी रिकामी असताना तीव्र चढ रिव्हर्समध्ये चढावा लागे, पण तेही चालक सहज शिकून घेत.

डीएसमध्ये सिट्रोएनचे अभियंते पॉल माजेस यांनी कमानपाटे काढूनच टाकले. प्रत्येक चाकाशी धातूचा एक पोकळ गोळा असे. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूस नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूस दाबाखालचे तेल. चाक उसळले की तेल वायूला दाबे आणि धक्का तिथेच जिरे. बराच काळ उभी राहिलेली डीएस खाली बसते आणि इंजिन सुरू होताच हळूहळू वर उचलली जाते, हे दृश्य पाहिलेला माणूस ते विसरत नाही. १९६२ मध्ये फ्रान्सचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा बंदुकीच्या गोळ्यांनी टायर फुटूनही त्यांची डीएस सावरली आणि निसटली.

तरीही माझा कौल फोर्डलाच आहे. डीएसचे ब्रेक, स्टिअरिंग आणि गिअरही त्याच तेलावर चालत, त्यामुळे मोठी गळती झाली की सगळेच एकदम धोक्यात येई, शिवाय सुरुवातीचे तेल हवेतील ओलावा शोषून आतले भाग गंजवत असे. त्यासाठी जाणता कारागीर लागे. आणि जिथे रस्ता सर्वांत वाईट असतो, तिथे कारागीर सहसा नसतोच. फोर्डची बहुतेक दुरुस्ती शेतकरी स्वतः पाना घेऊन करी.

यापुढे अशी तुलना छापताना गाडी कोणत्या रस्त्यासाठी घडवली होती आणि बिघडल्यावर ती कोण दुरुस्त करू शके, या दोन गोष्टी आकड्यांच्या आधी द्याव्यात, ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक