नेट गेलं तरी काम चालू राहतं, हे कॉलेजात शिकवा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर नवीन मोबाईल आणि अ‍ॅप्सबद्दल भरपूर वाचायला मिळतं, पण ज्या पोरापोरींना सर्व्हरवर काम करून पोट भरायचंय त्यांच्या उपयोगाचं फारसं काही येत नाही, म्हणून हे पत्र. विषय आहे टीमक्स (tmux), म्हणजे नेट तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्राम.

आमच्या तालुक्याच्या गावी घरून आयटीचं काम करणारे बरेच झालेत आता. एसएसएचने (लांबच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे काम करायची सोय) लांबच्या सर्व्हरला लॉगिन करायचं, मोठा डेटाबेस रिस्टोअरला टाकायचा आणि अर्ध्यात लाईट जाते, राउटर बंद, कनेक्शन तुटलं की तिकडे सर्व्हर त्या टर्मिनलवर चालू असलेल्या प्रोग्रामला हँगअप सिग्नल (कनेक्शन गेल्याची सूचना) पाठवतो आणि प्रोग्राम तिथेच बंद. मग लाईट आल्यावर सगळं पहिल्यापासून, वरून साहेबाची बोलणी. यात नशिबाला दोष द्यायचं काही कारण नाही, उपाय आहे आणि तोही फुकट.

टीमक्स निकोलस मॅरियट यांनी 2007 मध्ये लिहायला घेतला, 2009 पासून तो ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सोबतच येतो, आणि त्याच्याही आधीपासून, म्हणजे 1987 पासून, स्क्रीन नावाचा प्रोग्राम हेच काम करतोय. म्हणजे गोष्ट काही नवीन नाही. सर्व्हरला लॉगिन झाल्यावर तिथे टीमक्स चालू करायचा (तिथेच, आपल्या लॅपटॉपवर नाही, नवीन पोरांचा घोळ नेमका इथेच होतो) आणि त्याच्या आत काम सुरू करायचं. आता तुमचा प्रोग्राम तुमच्या कनेक्शनवर अवलंबून नसतो, तो टीमक्सने सर्व्हरवर धरून ठेवलेला असतो. कंट्रोल बी दाबून सोडायचं, मग डी, की तुम्ही बाहेर आणि काम आत चालूच. नेट आपोआप तुटलं तरी तेच होतं. परत लॉगिन करून टीमक्स अटॅच म्हटलं की काम जिथे होतं तिथेच समोर. फक्त सर्व्हरच रीस्टार्ट झाला तर मात्र सेशन, म्हणजे टीमक्सच्या आत चालू असलेलं सगळं, जातं, एवढं ध्यानात ठेवावं.

कस्टमाइज करायचं तर नेटवर लोकांच्या दोन-दोनशे ओळींच्या सेटिंगच्या फाईली मिळतात, त्या उचलून आपल्या होम फोल्डरच्या डॉट टीमक्स डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाईलमध्ये डकवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण काही बिघडलं तर कुठल्या ओळीने बिघडलं तेच कळत नाही. चार ओळी पुरतात. माऊस ऑन करा, मूळ सेटिंगला तो बंद असतो. हिस्टरी लिमिट, म्हणजे मागे सरकवून किती ओळी पाहता येतात ती मर्यादा, मुळात 2000 ओळींची असते, मोठ्या लॉगला ती काहीच नाही, 50000 करा. विंडोचे नंबर शून्याऐवजी एकपासून करा, कारण कीबोर्डवर शून्य पार दुसऱ्या टोकाला. आणि विम हा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्यांनी एस्केप टाईम कमी करा, जुन्या व्हर्जनमध्ये एस्केप दाबलं की अर्धा सेकंद थांबावं लागतं आणि ते फार डोक्यात जातं.

कंट्रोल बी बदलून कंट्रोल ए करायची पण फॅशन आहे, स्क्रीन हा प्रोग्राम वापरलेल्यांना त्याच बटणाची सवय असते. मी तरी नको म्हणेन. शेलमध्ये, म्हणजे जिथे कमांड टाईप करतो तिथे, कंट्रोल एने कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, ती सोय अडते, आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर तुमची कॉन्फिग फाईल नसते तेव्हा बोटं चुकतात.

एक बदल मात्र प्रत्येकाने करावाच. खालची स्टेटस पट्टी मुळात हिरवी असते, ती लाईव्ह सर्व्हरवर लाल करून ठेवा. टेस्टिंगच्या विंडोत आहे असं समजून लाईव्ह डेटा उडवणारे कमी नाहीत, आणि लाल पट्टी दिसली की एंटर दाबायच्या आधी हात थांबतो.

माझी विनंती दोघांना आहे. इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या सरांनी लिनक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये याला एक तास तरी द्यावा, एकाच अकाउंटवरून दोघं एकच सेशन अटॅच करू शकतात, त्यामुळे सरांनी टाईप केलेलं पोराला स्वतःच्या स्क्रीनवर जसंच्या तसं दिसतं, लॅबमध्ये शिकवायला याहून सोपं काय पाहिजे. आणि तुम्ही तुमच्या पानावर अशा फुकट टूल्सबद्दल मराठीत नियमित छापा, महिन्यातून एकदा छापलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक