विषय : वेबसाइट ब्राउझरमधला अक्षरांचा आकार जुमानत नाही, त्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग
(पत्र कृपया वेबसाइटचं काम पाहणाऱ्यांपर्यंत पोचवावं.)

महोदय/महोदया,

क्रोमच्या सेटिंगमध्ये फॉन्ट साइज ‘व्हेरी लार्ज’ केला की मूळचा १६ पिक्सेलचा आकार २४ होतो. आपल्या वेबसाइटवर मात्र अक्षर तसूभरही वाढत नाही. याबद्दल विचारल्यावर ‘कंट्रोल आणि प्लस दाबा’ असं उत्तर मिळालं. त्याने सगळं पानच फुगतं : वर चिकटून बसलेली पट्टी आणि खालची ऑफरची पट्टी मिळून निम्मा स्क्रीन खातात आणि बिल मधल्या फटीतून वाचावं लागतं. वाढवायची होती ती फक्त अक्षरं.

दोष कुठे आहे, ते स्टाइलशीट (पानाची मापं आणि रंग ठरवणारी फाइल) उघडल्यावर लगेच दिसतं. अक्षरांची मापं सगळी रेममध्ये, म्हणजे पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत आहेत, पण तो मूळ आकार, म्हणजे एचटीएमएलचा फॉन्ट-साइज, १० पिक्सेल असा ठोकून बसवलाय. रेम मोजला जातो त्या १० वरून, त्यामुळे १.६ रेम म्हणजे कायम १६. ग्राहकाने काहीही निवडलेलं असो. तिथे ६२.५ टक्के लिहा, म्हणजे ब्राउझरमध्ये निवडलेल्या आकाराचे तितके टक्के. नेहमीच्या १६ वर हिशोब तोच राहील, २४ निवडणाऱ्याला १.६ रेमचे २४ मिळतील. बदल एका ओळीचा आहे.

ती ओळ बदलली की झाकलेल्या चुका वर येतील, हेही आताच सांगून ठेवतो. ‘पुढे जा’ या बटणाची उंची ४० पिक्सेल आणि वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेर गेलेलं लपवा. मजकूर दोन ओळींवर गेला की दुसरी ओळ गडप. उंचीऐवजी मिन-हाइट (किमान उंची) द्या, तीही रेममध्ये. लाइन-हाइट (एका ओळीची उंची) २० पिक्सेल आहे. २४ च्या अक्षरांना ती पुरणार नाही, आणि देवनागरीत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. तिथे नुसतं १.५ लिहा, एकक नको; म्हणजे ती अक्षराच्या दीडपट राहील. मथळे केवळ व्हीडब्ल्यूमध्ये, म्हणजे खिडकीच्या रुंदीच्या टक्क्यांत आहेत. ते तर झूमलाही दाद देत नाहीत. कॅल्क (मापांची बेरीज करणारं सूत्र) वापरून त्यात रेम मिसळा. दोन रकान्यांसाठीची ९९२ पिक्सेल रुंदीची अट ६२ ईएम (इथे ब्राउझरमधल्या अक्षर-आकाराच्या ६२ पट) केलीत, तर मोठ्या अक्षरांत रकाने चेंगरण्याआधीच एकाखाली एक येतील.

मोबाइलचं दुखणं वेगळं. मोबाइलवर पान कसं बसावं ते सांगणाऱ्या व्ह्यूपोर्ट टॅगमधलं झूम रोखणारं ‘युजर-स्केलेबल नो’ आणि ‘मॅक्झिमम-स्केल १’ काढून टाका. आयफोनवरची सफारी आयओएस १० पासून ही बंदी मानत नाही, पण अँड्रॉइडवर तिच्यामुळे चिमटीने झूम करणं बंद पडतं. डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या) १.४.४ या निकषानुसार मजकूर २०० टक्क्यांपर्यंत काहीही न हरवता वाढवता यायला हवा. डिझाइन बिघडतं म्हणून झूम बंद करणं ही दुरुस्ती नव्हे.

दुरुस्तीनंतर ब्राउझर २४ वर ठेवून लॉगिनपासून पावतीपर्यंत सगळं एकदा करून पाहावं. फक्त मुखपृष्ठ तपासू नये. १६ आणि २४ अशा दोन्ही सेटिंगचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. काम कोणत्या तारखेपर्यंत होईल, ते लेखी कळवावं.

आपला,
एक ग्राहक