बंद घराची बिले: भरायला कोणीही चालतो, थांबवायला मात्र वारस लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे आणि नवी मुंबईतील जुन्या गृहनिर्माण संस्थांमध्ये कुलूप लागलेली घरे आता सहज नजरेस पडतात. नोकरीच्या उमेदीत नौपाड्यात, वर्तकनगरात, वाशीत किंवा नेरूळमध्ये घेतलेले दोन खोल्यांचे घर, मुले पुण्याला किंवा परदेशात, आणि आई-वडिलांपैकी मागे राहिलेली व्यक्तीही गेली की दाराला कुलूप, असा हा क्रम आहे. घर विकायचे, भाड्याने द्यायचे की पुनर्विकासाची वाट पाहायची, याचा निर्णय भावंडांत एकमत होईपर्यंत लांबतो, आणि त्यात गैरही काही नाही. मात्र या मधल्या काळात लाइट बिल, गॅसचे बिल, मालमत्ता कर आणि सोसायटीचा मेंटेनन्स नियमाने येत राहतो, आणि तो कोणी व कोणत्या अधिकाराने सांभाळायचा हा प्रश्न अधांतरीच राहतो.

माझे काका विधुर होते व त्यांना अपत्य नव्हते. त्यांच्या पश्चात कायद्याने वारस ठरतात ते माझे वडील आणि आत्या. दोघेही वयोवृद्ध असल्यामुळे वर्तकनगरमधील त्या घराची देणी सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. ते करताना एक विसंगती ठळकपणे लक्षात आली. अशा घराचे पैसे भरायला कोणीही चालतो. पण देयकावरचा मोबाइल क्रमांक बदलणे, जोडणी तात्पुरती थांबवणे किंवा साधा पत्रव्यवहाराचा पत्ता बदलून घेणे, यांपैकी काहीही करायचे म्हटले की वारसाचा कागद मागितला जातो. वारसा ठरेपर्यंतच्या काळासाठी मात्र, एक अपवाद सोडता, कोणतीही व्यवस्था आढळत नाही.

विजेचेच पाहा. महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक माहीत असला की कोणत्याही मोबाइल अ‍ॅपवरून, कोणाच्याही खात्यातून बिल भरता येते. भरणारा मृताचा कोण, असे यंत्रणा विचारत नाही. मेन स्विच पाडून ठेवले तरी स्थिर आकार व त्यावरचे वीज शुल्क द्यावेच लागते, आणि जोडणी जिवंत ठेवल्याची ती किंमत समजून घेण्यासारखी आहे. आता कायद्याची बाजू. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या वीज पुरवठा संहितेनुसार ग्राहकाच्या मृत्यूनंतर जोडणी दुसऱ्याच्या नावावर होऊ शकते, आणि मृत ग्राहकाची थकबाकी ही त्या जागेवरचा बोजा म्हणून पुढे येते. तिऱ्हाईत खरेदीदाराकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांची थकबाकी घेता येते; कायदेशीर वारसाला मात्र या मर्यादेचे संरक्षण नाही. वारसाला परक्यापेक्षा अधिक बांधून घेतले आहे, हे मला अन्यायाचे वाटत नाही. पण ज्याच्यावर पूर्ण बोजा टाकायचा, त्याला तो बोजा वाढतो आहे हे कळण्याची सोय तरी हवी. वीज अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कुलूपबंद दाराच्या फटीतून आत सरकवली जाणार असेल आणि एसएमएस मृत व्यक्तीच्या फोनवर जाणार असेल, तर ती कोणाला दिली असे समजायचे?

मोबाइलचा हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. सगळ्या देयकांचे ओटीपी, इशारे आणि पावत्या मृताच्या क्रमांकावर जातात. प्रीपेड क्रमांक नव्वद दिवस वापरात नसेल आणि शिल्लकही नसेल, तर तो बंद होऊन पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग काकांच्या बिलाचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजेल. म्हणून आज अनेक घरांत गेलेल्या माणसाचा फोन रिचार्ज करून चालू ठेवला जातो, आणि सारी घरे जणू ती व्यक्ती हयात असल्यासारखा व्यवहार करत राहतात. ही लबाडी कोणालाही करायची नसते, पण व्यवस्थेने तोच मार्ग सर्वांत सोपा ठेवला आहे.

गॅसची अडचण वेगळ्या जातीची आहे. विजेचे मीटर बहुतेक इमारतींत तळमजल्यावरच्या मीटर केबिनमध्ये असते, त्यामुळे घर बंद असले तरी रीडिंग मिळते. पाइपच्या गॅसचे मीटर मात्र बहुधा स्वयंपाकघरात, कुलपाच्या आत असते. रीडिंग घ्यायला आलेला माणूस परत गेला की अंदाजाने बिल येते, आणि जिथे चहाचे आधणही चढत नाही तिथे गॅस जळाल्याची नोंद होते. प्रत्यक्ष रीडिंग कळवल्यावर हिशेब जुळवला जातो, हे खरे. म्हणून किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने मीटरचा फोटो काढून वेळच्या वेळी रीडिंग पाठवावे आणि मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवावा, एवढे मी अनुभवाने सांगेन. पण पुरवठा रीतसर तात्पुरता थांबवायचा तर ग्राहकाचा अर्ज हवा. एका कार्यालयाच्या खिडकीवर मृत्यूचा दाखला पुढे केल्यानंतरही ‘अर्जावर ग्राहकाचीच सही लागेल’ असे मला अत्यंत शांतपणे सांगण्यात आले. त्या शांतपणाचे मला अजूनही कौतुक वाटते.

वीज कायमची तोडून टाका, असा सल्ला या काळात अनेक जण देतात. मला तो पटत नाही. बंद घरात पावसाळ्यात ओल धरते, अधूनमधून जाऊन दिवे-पंखे लावावे लागतात, घर पाहायला गिऱ्हाईक येते. आणि तुटलेली जोडणी नव्याने घ्यायची म्हणजे अर्ज, नवी अनामत व जोडणीचा खर्च हे सगळे आलेच. तुलनेने स्थिर आकार परवडतो.

मालमत्ता कराच्या बाबतीत मला सर्वाधिक आश्चर्य वाटते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार मृत्यूची माहिती एकवीस दिवसांत द्यावी लागते, आणि शहरात ही नोंद महापालिकाच करते. म्हणजे ज्या संस्थेने आपल्या शिक्क्यानिशी मृत्यूचा दाखला दिला, तीच संस्था पुढच्या सहामाहीत त्याच व्यक्तीच्या नावे कराचे देयक पाठवते. मृत्यूची नोंद मृत्यूच्या ठिकाणी होते, त्यामुळे ठाण्याचा करदाता परळच्या रुग्णालयात गेला तर ठाणे महापालिकेला ते कसे कळावे, असा आक्षेप येऊ शकतो, आणि कालपर्यंत तो रास्त होता. परंतु या अधिनियमात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन जन्म-मृत्यूच्या नोंदींचा राष्ट्रीय पातळीवरचा एकत्रित साठा ठेवण्याची आणि तो इतर शासकीय नोंदी अद्ययावत करण्यासाठी वापरता येण्याची तरतूद झाली आहे. तेव्हा आता प्रश्न इच्छेचा आहे. दरम्यान कर थकला तर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के शास्ती लागते. मृताच्या गोठवलेल्या बचत खात्यात पडून असलेल्या पैशावर जेमतेम अडीच-तीन टक्के व्याज मिळत असते. पैसे आहेत, देणे आहे, द्यायची इच्छाही आहे, आणि तरी वारसांना भुर्दंड पडतो.

बँकेविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. मृत्यूची खबर मिळताच बँक खाते थांबवते आणि त्यातून आपोआप जाणारी बिले परत येऊ लागतात. घरच्यांना हे बहुधा पहिल्या दंडानंतर कळते. वडिलांनी दिलेले मुखत्यारपत्र आपल्याकडे आहे, या भरवशावर अनेक मुले निर्धास्त असतात, परंतु देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपते. एटीएम कार्ड हाताशी आहे म्हणून त्यातून बिले भरणे हा तर सरळ गैरव्यवहार ठरू शकतो, कारण तो पैसा आता सर्व वारसांचा असतो. सर्व कागद पूर्ण झाल्यावर दावा पंधरा दिवसांत निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे. तोवर घरातल्या एकाने स्वतःच्या खात्यातून भरावे, पावत्या जपाव्यात आणि वाटणीच्या वेळी हिशेब मांडावा, याला आज तरी पर्याय नाही.

वर म्हटलेला एकमेव अपवाद सहकार कायद्यात आहे. एरवी सोसायट्यांविषयी तक्रारीच अधिक ऐकू येतात, आणि थकबाकीवर एकवीस टक्क्यांपर्यंत व्याज लावण्याची मुभा आदर्श उपविधींनी त्यांना दिली आहेच. काही सोसायट्या बंद घरालाही ‘नॉन-ऑक्युपन्सी’ लावू पाहतात. ते शुल्क सदनिका भाड्याने दिल्यावर लागते, आणि तेसुद्धा सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नाही, हे वारसांनी ठामपणे सांगावे. परंतु महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण आले, त्यातील कलम १५४ ब-१३ ने एक शहाणपणाची गोष्ट केली. मृत सभासदाचा खरा वारस ठरेपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला ‘तात्पुरता सभासद’ म्हणून घेण्याची सोय या कलमात आहे. तो मालक होत नाही, वारसांचा हक्क बुडत नाही, पण सोसायटीला बोलायला एक माणूस मिळतो. नामनिर्देशन नसेल तर हरकती मागवणारी जाहीर सूचना द्यावी लागते. आपल्या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत अशा सूचना रोज दिसतात.

ही ‘तात्पुरता’ची कल्पना वीज, गॅस आणि महापालिका यांनी उचलावी, एवढीच माझी मागणी आहे. मृत्यूचा दाखला, स्वतःचे ओळखपत्र, किमान एका वारसाची किंवा नामनिर्देशित व्यक्तीची लेखी संमती आणि स्वयंघोषणापत्र घेऊन एका व्यक्तीची ‘तात्पुरता देयकधारक’ म्हणून नोंद व्हावी. देयके, नोटिसा व ओटीपी तिच्याकडे जावेत, तिला रीडिंग कळवता यावे आणि पुरवठा तात्पुरता थांबवता व पुन्हा सुरू करता यावा. अनामत परत घेणे, जोडणी कायमची तोडणे किंवा नावबदल करणे हे अधिकार तिला नसावेत, आणि कोणत्याही वारसाने लेखी हरकत घेताच नोंद स्थगित व्हावी. असे केले तर घर बळकावण्यासाठी या सोयीचा गैरवापर होण्याची भीती बरीच कमी होते.

या नोंदीमागे आणखी एक कारण आहे, ज्याविषयी घराघरांत कुजबुज होते पण उघड कोणी बोलत नाही. वीजबिल हा मालकी हक्काचा पुरावा नाही, हे कायद्याने स्पष्ट असले तरी लोकांच्या मनात ते अजून स्पष्ट नाही. मोठ्या भावाने बिल आपल्या नावावर करून घेतले की धाकट्याला वाटते, घर गेले. त्यामुळे कोणीच अर्ज करत नाही, बिल मृताच्या नावावर तसेच राहते आणि थकते. आपण मालक नाही असे ज्या नोंदीवरच ठळक छापलेले आहे, ती करायला बहिणीही सही देतील आणि भावही.

ब्रिटनमध्ये ‘टेल अस वन्स’ नावाची सोय आहे. मृत्यूची खबर एकदा दिली की बहुतेक सरकारी खात्यांना व स्थानिक परिषदेला ती पोहोचते, मात्र वीज-गॅस कंपन्या तिच्यात येत नाहीत. आपल्याकडे पायाभूत साधने आहेतच. ‘आपले सरकार’ संकेतस्थळ आहे, लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे, आणि मुदतीत सेवा न दिल्यास अपिलाची व दंडाची तरतूदही आहे. वीज व गॅसच्या बाबतीत नियामकांना निर्णय घ्यावा लागेल, त्याला वेळ लागेल. ठाणे व नवी मुंबई महापालिकांना मात्र कोणाची वाट पाहायचे कारण दिसत नाही. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या करदेयकांवर मृत करदात्याच्या नावाखाली ‘पत्रव्यवहारासाठी’ अशी एक ओळ आणि एक मोबाइल क्रमांक छापण्यासाठी आयुक्तांचे एक परिपत्रक पुरेसे ठरावे, असे मला वाटते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक,
पाचपाखाडी, ठाणे