कालबाह्य आजाराने गेलेले माझे दोन दात: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

काल तुमच्या खात्याचं उत्तर आलं, दोनच ओळी. "स्कर्व्ही हा आजार कालबाह्य असल्याने वेगळ्या प्रशिक्षणाची आवश्यकता नाही." साहेब, स्कर्व्ही म्हणजे सी व्हिटॅमिन न मिळाल्याने होणारा आजार, त्या कालबाह्य आजाराने माझे दोन दात गेलेत, ते कुठल्या टेबलावर जमा करू? आधीच्या पत्रात तुम्हीच सही करून लिहिलं होतंत की पेशंट काय खातो हे विचारायचं ट्रेनिंग डॉक्टरांना देणार. पत्र जपून ठेवलंय मी.

माझं थोडक्यात सांगते (होणार नाही थोडक्यात). अ‍ॅसिडिटी होती, एका डॉक्टरने सांगितलं आंबट बंद. मी आज्ञाधारक, लिंबू-संत्री सोडली, मग भीतीने सगळीच फळं, टोमॅटो, कच्चं काही नाहीच, जे खायचं ते मऊ होईपर्यंत उकळून आणि पाणी ओतून देऊन. सी व्हिटॅमिन पाण्यात उतरतं, उष्णतेने जातं, हे तेव्हा कोण सांगणार. चार महिन्यांत पाय इतके दुखायला लागले की जिन्यात बसून रडायचे. एक डॉक्टर म्हणाला वय, दुसरा म्हणाला टेन्शन, तिसऱ्याने एमआरआय काढला. कुठे न आपटता पिंढऱ्यांवर काळेनिळे डाग. ब्रश केला की बेसिन लाल. डेंटिस्टने हलणारे दोन दात काढले तर जखम भरेचना, भरेल कशी, कोलाजेन, म्हणजे जखम सांधणारं प्रथिन, नीट बनायलाच सी लागतं आणि माणसाचं शरीर ते स्वतः तयार करत नाही. शेवटी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने पायावरचे स्प्रिंगसारखे वळलेले केस बघितले, मुळाशी रक्ताचे ठिपके, आणि विचारलं, "काकू, जेवणात काय काय असतं?" सात महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी हे विचारलं! सी व्हिटॅमिनच्या साध्या गोळ्या सुरू केल्या, दोन दिवसांत थकवा उतरायला लागला. दात काही परत उगवले नाहीत.

१७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातल्या जेम्स लिंड या डॉक्टरने जहाजावरच्या स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांना दोघादोघांत वाटून वेगवेगळे उपाय दिले, त्यात संत्री-लिंबू मिळालेले दोघं पटकन बरे झाले. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सगळीकडे द्यायचं ठरवायला १७९५ उजाडलं, म्हणजे ४८ वर्षं. सरकारी स्पीड हा असा, तुमचं तरी काय चुकलं म्हणा.

दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम सी मिळालं तरी स्कर्व्ही होत नाही हो! तरी एकटे राहणारे म्हातारे, दारूत जेवण विसरलेले, दोन-तीनच पदार्थ खाणारी ऑटिस्टिक मुलं, डायलिसिसवाले, ह्यांना आजही होतो. पण केसपेपरवर विम्याचा नंबर दोनदा लिहायला जागा आहे, "काय खाता" याला एक ओळ नाही. मशीन आलं की फीत कापता येते, फोटो निघतो, प्रश्न विचारण्याचं उद्घाटन कसं करणार? कमिटी, अहवाल, पुढची कमिटी, तोवर बदली. आणि खालचा डॉक्टर पाच मिनिटांत पेशंट उरकतो, त्याला तरी किती बोलणार मी.

ट्रेनिंगचं बघा तुमच्या सवडीने. निदान माझ्या फाइलवर निदान म्हणून अजून "वयोमानानुसार पायदुखी" लिहिलंय, तेवढं खोडून स्कर्व्ही लिहायला सांगा. तीनदा अर्ज केलाय. तिसऱ्या वेळी खिडकीवरच्या माणसाने मला स्पेलिंग विचारलं.

आपली,
एक कालबाह्य पेशंट